बर्फाच्या कारखान्यात रेक्झिन

चौसष्टची फियाट. पत्रा झाला, इंजिन बांधून झालं,
बाहेरचा रंग कागदपत्रांतच लिहिलेला: राखी.
राहिला आतला.

बस्त्यावने फणसाखाली बॉनेटवर चार तुकडे मांडले,
वारा होता म्हणून एकेकावर सुपारी.
काळा. उंटाचा. बदामी.
चौथा त्याचा स्वतःचा हट्ट, आमसुली,
सोलं तिसऱ्या उन्हाला दिसतात तसा.
त्याचं कापड तर त्याने आधीच आणून ठेवलं होतं,
मला न विचारता, चार मीटर.

कारण मागची सीट उसवताना
शिवणीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलं नाही,
तिथे बोटभर रुंद हाच रंग निघाला.
बाकी सगळी सीट चहाच्या चोथ्यासारखी.
सोबत एक केसांचा आकडा,
कुठल्याशा नाटकाचं अर्धं तिकीट
आणि कोंबडीची पिसं. डॉक्टर आरोलकर गेल्यावर
नऊ वर्षं ती खुराडाच होती.

पुण्याहून दलालाचा फोन:
"बदामी घाला हो. बदामी कुणाला नको होत नाही."
दोन रात्री मी हे वाक्य चघळलं.
नको न होणं म्हणजे काही हवं असणं नव्हे.
पण भाड्याच्या खोलीला हाच रंग देतात,
आणि खोल्या रिकाम्या राहत नाहीत.
आमसुलीला कदाचित एकच गिऱ्हाईक, आणि तो कधी येईल?
इथली खारी हवा थांबत नाही.
दर पावसाळ्याला दरवाज्याच्या तळाशी हजारभर रुपये गंजतात.

"गिराईक पुण्याचा," बस्त्याव म्हणाला,
"आणि उजेड हयचो बघतंस?"
खरं होतं.
इथे दुपारी समुद्र अर्धा उजेड परत वर फेकतो,
फणस त्यात आपलं हिरवं कालवतो.
बदामी लोण्यासारखा वाटतो, आमसुली पेटल्यासारखा.
गाडी तर उभी राहणार इमारतीच्या पोटात,
पांढऱ्या नळ्यांखाली.

म्हणून रात्री तुकडे घेऊन बंदरावर गेलो,
बर्फाच्या कारखान्यात. इतका कोरडा पांढरा उजेड
वेंगुर्ल्यात दुसरीकडे कुठे मिळणार!
अमोनिया नाकात. बाहेर सुरमईचा टेम्पो भरत होता.
एका लादीवर चारही तुकडे पसरले.
काळा: खड्डा.
उंटाचा: कावीळ झालेला.
बदामी होता, पण बघितला की नजर पुढे सरकायची.
आमसुली विझला होता,
पण झोपलेलं माणूस विझतं तसा,
हाक मारली तर उठेल.

लाद्या ओढणारा वासू खवणेकर हूक टेकवून थांबला.
आमसुलीवर बोट ठेवून म्हणाला,
"ह्यो बरो. ह्येच्यार रगात दिसाचा नाय."
आम्ही दोघेही हसलो.
विकताना सांगण्यासारखं कारण नव्हतं ते.

बदामी घातला.
शिवण मात्र बस्त्यावने अशी घातली की
बोट फिरवलं तर कुठे थांबू नये.

श्रावणात कोथरूडच्या देवस्थळीबाई आल्या.
दार उघडून बसल्या, चप्पल बाहेर काढून,
देवळात बसावं तशा.
तळहात सीटवरून एकदा सावकाश फिरवला.
"मूळचा रंग हाच होता का हो?"

फणसाखाली बस्त्याव आपली स्कूटर पुसत होता.
स्कूटरची सीट आमसुली.
वासूच्या स्टुलाची गादीही आमसुली,
चार मीटरांतलं उरलेलं कशाकशावर गेलं कोण जाणे.
फडकं थांबलं.

"असाच काहीसा," मी म्हणालो.

बाईंनी आरसा आपल्या उंचीला लावून घेतला.
फडकं पुन्हा चालू झालं.