बिछायत

आषाढ लागला की आमच्या गोदामात
दीडशे पातेली पालथी पडतात एकमेकांच्या अंगावर,
गाद्यांच्या ढिगात मांजर वितं
आणि आप्पा चार महिने
पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांवर
फिटलेलेच हिशोब पुन्हा करत बसतात.

याच चार महिन्यांसाठी मी आणले
नाशिकच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधून
पाच जुने प्लेस्टेशन, अकरा रिमोट,
आणि एक स्टिअरिंग, पेडलांसकट.
स्कूटीचं कर्ज फिटलं, त्याच आठवड्यात नवं काढलं.

"हाई काय शे?"
पातेलंच समजा, आप्पा.
कोणाच्या घरी रोज दोनशे माणसं जेवत नाहीत,
म्हणून तेवढं पातेलं कोणी विकत घेत नाही.
हेही तसंच.
चाळीस हजारांचं खेळणं,
भूक एका रात्रीची.

रात्रीचे ऐंशी, शनिवारी शंभर.
टीव्ही तुमचा, वायर आमची.
चौघांनी मिळून वीस-वीस काढले तरी चालतील.
अनामत म्हणून आईचा आवाज,
फोनवर, मला ऐकू येईल असा.

आप्पा काही बोलले नाहीत.
आत गेले आणि नाव घालायचं यंत्र घेऊन आले,
ज्यानं प्रत्येक परातीच्या काठावर
सु. धो. महाजन, अमळनेर.
टिकटिक टिकटिक, रिमोटच्या पाठीवर.
आप्पा, आत वायरी आहेत!
"आपलं भांडं आपले वळखता येवाले जोयजे."
चाळीस वर्षांत त्यांनी
एकाही पातेल्याला भोक पाडलेलं नाही.
अकराच्या अकरा चालतात.

मग रिमोट परत यायला लागले
शेवभाजीच्या तेलात न्हाऊन,
त्रिकोणाचं बटण दाबलं की वर यायचं नाव नाही.
आप्पांचा जुनाच कायदा:
भांडं घासून आणायचं, नाहीतर दहा रुपये जास्त.
आता न्यू प्लॉटातली पोरं
सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणतात,
नैवेद्याचं ताट आणावं तसं, दोन्ही हातांनी.

शिंपी गल्लीतल्या तिघी बहिणी फक्त फुटबॉल नेतात.
गोल झाला की खालच्या दुकानात
त्यांच्या बापाची सुई कापडात थांबते.

स्टिअरिंग नेतात डेपोतून रिटायर झालेले भिकनतात्या.
कुठल्यातरी परदेशी शहरात
पस्तीसच्या वर काटा जाऊ देत नाहीत,
वळणावर हॉर्न देतात, जो त्या गेममध्ये नाही,
तोंडानं.
बाकीच्या गाड्यांची शर्यत संपते,
बक्षिसं वाटून होतात,
तात्या अजून धरणगावच्या अलीकडे.
परत देताना म्हणाले, ब्रेक जरा ढिला आहे, वर्कशॉपला दाखव.

पहिल्या महिन्याचा हप्ता सुटला.
दुसऱ्याचा अर्धा आप्पांनी घातला,
कशातून, ते मी विचारलं नाही.

आणि एक प्लेस्टेशन आलंच नाही.
बोरीकाठच्या एका खेड्यातली तीन पोरं,
एका रात्रीसाठी नेलेलं,
चौथा दिवस, फोन बंद.
आईचा आवाज मी ऐकला होता.
आवाज काय, कोणाचाही असू शकतो.
मी मनातल्या मनात ते मेलेल्यांत लिहून टाकलं.

आप्पांनी विचारलं नाही, मोटारसायकल काढली.
"मोजीसन देवानं, मोजीसन लेवानं,"
एवढंच, किक मारता मारता.

रात्री अकराला आले. हात रिकामे.
हातपाय धुतले. ताटावर बसले. मी उभीच.
"तठे तीन रोजपासून लाईट नही.
पोरेस्नी आजून डबाबी उघाडा नही."
मग?
"मंग काय. ठेई ऊनू.
भाडं लाईट येवानंतर मोज."

पावतीपुस्तक जुनं आहे, छापील यादीचं:
पातेली, झारे, पाट, सतरंज्या,
आणि अगदी खाली, गॅसबत्ती,
जी मागायला वीस वर्षांत कोणी आलेलं नाही.
प्लेस्टेशनचा रकाना त्यात कुठून असणार?
गॅसबत्तीसमोर लिहिलं:
नग एक, रिमोट दोन.
परत –
लाईट आल्यावर.