परीघ काढताना

यानिनाच्या तळ्यावर धुकं बसलं की
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर दिवे लवकर लागतात.
पोलिक्सेनी झियोगाची काचपट्टी मी भिंगाखाली सरकवते
आणि माऊसचं टोक धरून
पहिल्या केंद्रकाभोवती रेघ ओढायला घेते.

वडील चांदीची तार ओढायचे.
गुंजभर इकडंतिकडं झालं की सगळं मुशीत, पुन्हा पहिल्यापासून.
वजन करायच्या आधी हात कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.
तेवढं एक माझ्यात उतरलं आहे.
माझ्यासमोर चांदी नाही,
कुणाच्या तरी गर्भाशयाचं अस्तर,
ब्रशवर आलेलं, काचेवर फासलेलं,
निळं-जांभळं.

फॉर्मवर तिची हकीगत दीड ओळ:
वय एकसष्ट. पाळी जाऊन अकरा वर्षं. डाग.
उरलेलं नर्स लांब्रिनीनं सांगितलं.
बेटावर ती वाम विकते.
पहिला डाग दिसला तेव्हा म्हणाली, माशाचं रक्त असेल.
चादरीवर दिसला तेव्हा काहीच म्हणाली नाही,
थंड पाण्यात चादर घातली, तीन महिने घालत राहिली.
एका रविवारी लेकीनं बादली उपसली
तेव्हा कुठं होडीत बसून या काठाला आली.

डॉक्टर माक्रिसना आकडे आवडत नाहीत.
आकड्याला डोळे नसतात, म्हणतात.
पण या पट्टीवर तेही अडले.
सकाळी म्हणाले, नुसती वाढ आहे.
कॉफीनंतर म्हणाले, छे.
मग चष्मा कपाळावर ढकलून, माझ्याकडं न बघता:
मोज.

सोळा. सतरा. अठरा.
क्षेत्रफळ, परीघ, गोल की लांबट.
निरोगी केंद्रकं एका साच्यातल्या मण्यांसारखी निघतात,
मोजता मोजता झोप येते.
इथं झोप येत नाही.
पडद्यावर एक मसुराएवढं,
त्याला टेकून एक वाटाण्याएवढं,
काठ कुरतडल्यासारखा.
एकेचाळिसाव्यावर दुसरी पेशी चढून बसली होती,
नियमानं सोडून दिलं.
सोडून दिलं, पण ते डोळ्यांतून गेलं नाही.
त्रेसष्टाला फोन वाजला. वाजू दिला.
ऐंशीच्या पुढं मान धरली,
आणि कसं कोण जाणे, मला वाटायला लागलं
की रेघ जरा आतून ओढली तर
बाई वाचेल.

मी ती आतून ओढली नाही.
हे लिहून ठेवते आहे, कारण वाटलं होतं.

शंभर.
यंत्रानं सरासरी काढली, फरक काढला,
आणि एका तिरक्या रेषेच्या पलीकडं
तिचा ठिपका ठेवला.
पलीकडं, पण उंबऱ्याला लागूनच.
माक्रिस कागद घेऊन खिडकीशी गेले,
परत आले, पुन्हा भिंगात बघितलं, बराच वेळ.
आकड्यानं त्यांना नवं काही सांगितलं नाही.
जे दिसत होतं आणि बोलवत नव्हतं
त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.
"तुकडा काढून बघा. या आठवड्यात," त्यांनी लिहिलं
आणि सही नेहमीपेक्षा सावकाश केली.

एप्रिलमध्ये ती जिना चढून आली,
दर तिसऱ्या पायरीवर थांबत, पोटावर हात.
ओल्या कागदात गुंडाळलेली वाम टेबलावर, माझ्या पट्ट्यांशेजारी.
मोजणारी तूच ना?
केवढं होतं गं ते?

काय सांगणार.
डब्यातल्या कडबोळ्यासारख्या पावावरचा एक तीळ उचलून
तिच्या तळहातावर ठेवला.
यावर हजारो बसतील, म्हटलं.
तिनं तीळ उजेडात धरला, उलटा केला,
जिभेवर टाकला.
आणि एवढ्यासाठी एवढं कापलं?

मग हसली, टाके दुखले, थांबली.
कागद उलगडून
वामीवर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात पसरत गेली:
तीन विती, चार बोटं.
बघ, म्हणाली, मोजून आणली आहे.