वीस फूट पाईप

राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या वाटेला
गव्यांचे फलक आहेत, हिरवे, वळणावळणावर.
मी ज्याची मोजणी करतो त्याला फलक नाही,
पाय नाहीत, आवाज नाही.
डोळे आहेत, पण कातडीखाली,
चुन्याखाली गेलेल्या जुन्या पाटीसारखे.

वहीत लिहितो, देवगांडूळ.
गाव म्हणतं दुतोंड्या, आणि खोरं उचलतं.

भादव्यात दोन दिवस उघडीप मिळाली
तेव्हा ठकूबाई डोईफोडेंचा जावई
गोठ्यामागं गोबरगॅसचा खड्डा काढत होता.
चिऱ्याचा दगड उलटला. खाली ओल,
ओलीत करड्या कड्यांचं एक वेटोळं,
वेटोळ्याच्या पोटात अंडी, माळेतल्या मण्यांसारखी,
एकाच दोऱ्यात.
ती पळाली नाही. आणखी आवळून बसली.

खोरं वर गेलेलं. ठकूबाई म्हणाल्या,
"थांब रं. बाळंतीण हाय ती."

मला निरोप आला तोवर
दगड होता तसा ठेवला होता,
वर ओलं पोतं, पोत्यावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून पाटी.
मी फोनवर त्यांना जपानचा सालमँडर दाखवला,
माणसाएवढा, ओढ्यातल्या खडकासारखा.
त्याला वर चढता यावं म्हणून तिकडं
बंधाऱ्याला उतार बांधून देतात, म्हणालो.
त्यांनी स्क्रीन लांब धरून बघितलं.
"येवढं धूड कुणालाबी दिसंल," म्हणाल्या,
"हिचं काय?"

माझ्याकडं हिच्यासाठी एक तक्ता होता.
प्रजाती: अनिश्चित. संख्या: एक, अधिक अंडी.
नुकसानभरपाईचा रकाना गव्यांसाठी असतो.

खड्डा मग फणसाच्या पलीकडं गेला.
वीस फूट पाईप जास्त लागला;
जावई दिवाळीपर्यंत फुरंगटून होता,
आणि अजूनही शेगडी पेटायला वेळ लागला
की त्या दगडाकडं बघून शिवी हासडतो.

परवा गेलो होतो. चहा त्याच गॅसवरचा.
दगड उचलावा असं फार वाटलं,
नोंद पुरी झाली असती.
ठकूबाई भांडी घासत होत्या, माझ्याकडं पाठ,
तरी म्हणाल्या, "हात नगं लावूस."

मी कडेनं फक्त बोट घातलं.
गार होतं.
रकान्यात तेवढंच लिहिलं: ओल आहे.