समास

तिसऱ्या फाइलपाशी माझी बोटं थांबली.
झोप कमी. भूक बरी. पुढची भेट पंधरा दिवसांनी.
सकाळच्या बाईला हेच,
शाळेतल्या पोराला हेच,
आणि त्या लोकर कातरणाऱ्या म्हाताऱ्यालाही,
जो मुळी आला होता
दिवस दिवस अंथरुणातून उठवत नाही म्हणून.

अकरा वर्षं मी डॉक्टर ओयार्सूनच्या नोंदी टाइप करते.
तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,
पण त्या पायांना कुठंतरी जायचं असायचं.
कुणाच्या कुत्र्याचं नाव,
कुणाच्या आईचं शेवटचं बोलणं,
समासात एखादा प्रश्न, दोनदा अधोरेखित.
या हिवाळ्यात समास कोरे.

मग आठवत गेलं:
कॉफी तशीच, वर साय धरलेली.
दाराच्या मुठीवर तिचा हात, आत जाण्याआधी,
जरा जास्तच वेळ.
परवा खलाशाची बायको रडत होती,
तेव्हा भिंतीपलीकडून तिचं "समजतंय मला",
बाईचं वाक्य संपायच्या आत,
दुकानदारानं सुटे पैसे परत करावेत तसं.

इथे पुंता अरेनासमध्ये वारा सुटला
की रस्त्याकडेला दोर बांधतात.
माणसं दोर धरून चौक ओलांडतात,
बँकेतले साहेबसुद्धा.
त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

दुपारी तिन्ही कागद तिच्यासमोर ठेवले.
बोलले काहीच नाही.
तिनं वाचले. चष्मा काढला. पुन्हा वाचले.
"म्हातारा फार झोपतो ना गं?"
"हो."
"ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं.
लिहीपर्यंत ते कुठं गेलं, कळलं नाही."

संचालक बारिया म्हणाले,
आठवडाभर सुट्टी घे, समुद्राकडे बघ.
समुद्र तिच्या खिडकीतूनच दिसतो, मी म्हणाले,
दिवसाची चौदा माणसं तुम्हाला दिसत नाहीत.
टायपिस्टनं असं बोलायचं नसतं.
बारियांनी वेळापत्रक ओढलं,
चौदाचे नऊ केले.
उरलेले पाच कुणाकडे,
यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

गुरुवारी चार वाजता ती आता दार लावून घेते
आणि फोनवर कुणाशी तरी बोलते.
कधी खूप वेळ नुसतीच गप्प असते.
त्याची नोंद माझ्याकडे येत नाही.
येऊ नयेच.

काल म्हाताऱ्याची फाइल आली:
झोप जास्त.
एवढंच. समास अजून कोराच.
ते दोन शब्द मी टाइप केले,
आणि चूक नसताना
पुन्हा एकदा तपासले.