हातचा

तळघरातला हीटर एकाच बाजूने तापतो,
म्हणून मी उजवीकडे वितळते, डावीकडे गारठते,
आणि फायली उघडत जाते.
सेगेदचं इस्पितळ, मनोविकार विभाग.
तीन हिवाळ्यांची माणसं
पुठ्ठ्याच्या खोक्यांत.

डॉक्टर झोम्बोरना एवढंच हवंय :
दोन गोळ्यांत उजवी कुठली?
पांढरी, की ती अर्धी निळी?
नावं आहेत गोळ्यांना. मी रंगानेच ओळखते,
वॉर्डात वीस वर्षं काढली की असं होतं.

इथे कुणी नाणं उडवून गोळी दिली नव्हती.
ज्याला झोप नव्हती त्याला निळी,
ज्याचं काळीज ठोका चुकवायचं त्याला पांढरी,
आणि त्या फेब्रुवारीत
निळी संपली होती म्हणून सरसकट पांढरीच.
जी महिनाभर खिडकीला पाठ करून बसली
तिला दोन्ही, वर सलाईन.
आता म्हणे तुलना करा.
बुडत्याला दोर टाकला, काठावरच्याला काठी दिली,
आणि विचारताय
दोर बरा की काठी.

बेनेदेक. सपाता शिवणारा. खाट सात, पांढरी.
आला तेव्हा एकतीस,
सहाव्या आठवड्यात सोळा.
निम्म्यावर आला तरच गुण आला म्हणायचं, असा नियम.
एकतीसचे निम्मे साडेपंधरा.
अर्ध्यासाठी नापास झाला बेनेदेक.
त्याच पानाच्या कडेला पेन्सिलीने माझंच अक्षर :
आज सुई मागितली. दिली नाही.
मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला,
टाच कुणी लावली ही? गाढवाने?
सहा आठवड्यांत तो पहिल्यांदा चिडला होता.
मी धावत जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं.
त्याला रकाना नाही.

पिरोश्काबाई पोहायला शिकवायच्या.
निळी. अठ्ठावीसवरून नऊ.
फत्ते.
पण त्याच आठवड्यात
अकरा वर्षं अबोला धरलेली त्यांची लेक
देब्रेत्सेनहून आली, खसखशीची वळकटी घेऊन,
आणि दोघी काही न बोलता
शेवटच्या तुकड्यापर्यंत खात बसल्या.
ही खसखस कुठल्या रंगाच्या खात्यावर मांडू?

आणि तिहामेर.
चौथ्या आठवड्यात कोट चढवून गेला.
बरा वाटून गेला, की कंटाळून,
की
फोन लागत नाही.
अशांचा शेवटचा आकडा पुढे ओढायचा असतो,
शेवटच्या रकान्यापर्यंत.
बावीस. बावीस. बावीस.
शाळेत बाई हातावर पट्टी मारून सांगायच्या,
हातचा विसरायचा नाही.
नाही विसरले, बाई.
तो अजून बसलाय माझ्या वहीत
बाविसाव्या पायरीवर, कोटाची बटणं लावून.

संध्याकाळी डॉक्टर खाली आले.
बेरीज पाहिली, पुन्हा पाहिली, चष्मा पुसला.
केसाएवढा फरक.
"अजून फायली लागतील," म्हणाले,
आणि माझ्या गार बाजूला खुर्ची ओढून
बराच वेळ नुसते बसून राहिले.
त्यांच्या खिशात गोळ्यांची पट्टी वाजली.
रंग मी विचारला नाही.

घरी निघाले तेव्हा तिसा धुक्यात होती,
पूल अर्ध्यावर संपल्यासारखा.
मी चालत राहिले,
एक पाय किंचित उंच, एक किंचित खाली.
टाच अजून तशीच आहे.