मठारकाम

तांबट आळीत सकाळी नऊला ठोके सुरू होतात.
पोळ्या लाटताना मी ऐकते :
वडनेरे काकांचे जड, जरा उशिरा पडणारे,
त्यांच्या पुतण्याचे घाईतले,
आणि मध्ये एक जागा रिकामी.
तिथे निळू असायचा.

एका घागरीवर हजारभर ठोके पडतात,
प्रत्येक मागच्याला खेटून, त्याच्यावर चढून नाही.
हे मला त्यानेच सांगितलं, बारा वर्षांचा असताना,
मी थोरली असूनही.
हात थरथरायला लागला तेव्हा
आधी घागरीला कळलं.
मग काकांना.
मला सगळ्यात शेवटी,
कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

काकांना मी फोनवर सांगायचे, ताप आहे.
दोन वर्षांत निळूला इतका ताप आला
की एखादा मेला असता.
बाटली सापडली बंबाच्या राखेत, पिठाच्या डब्यात,
एकदा माझ्याच शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांशेजारी,
आणि मला आधी राग आला तो
दोऱ्याचं रीळ भिजल्याचा.
शोधायचं, ओतायचं, खिसे मोजायचे.
मीही रोज घेतच होते म्हणा,
फक्त माझ्या तोंडाला वास नव्हता.

माझ्या लग्नात द्यायला म्हणून
त्याने एक हंडा घडवून ठेवला होता.
लग्न काही झालं नाही.
हंडा गेला भंगारात, वजनावर.
भंगारात ठोक्यांना भाव नसतो.

गुरुवारी पंचवटीत, महापालिकेच्या शाळेत
बैठक असते. पिणाऱ्यांची नव्हे, घरच्यांची.
चौथीच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेली
आम्ही पिकल्या केसांची माणसं.
पहिल्या दिवशी मी पाऊण तास बोलले :
निळू काय करतो, निळू कुठे पडला,
द्वारकेच्या पुलाखाली त्याला कोणी ओळखलं.
रहाळकरबाईंनी सगळं ऐकून घेतलं
आणि विचारलं, तुम्ही आज काय जेवलात?
आठवेना.
खरंच आठवेना.

पुढच्या सोमवारी काकांचा फोन.
"ताप?" त्यांनीच विचारलं, सवयीने.
म्हटलं, नाही. प्यायलाय. झोपलाय.
तीन शब्द.
फोन ठेवून मी न्हाणीत जाऊन ओकले.
निळू भिंतीकडे तोंड करून पडला होता.
जागा होता.
आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.
मग एका पहाटे :
ताई, ते केंद्र कुठंय म्हणालीस?
मी म्हटलं नव्हतं, कधीच.
पत्ता मात्र पर्समध्ये होता, घडीवर विरलेला.

गेला. आला.
रंगपंचमीला रहाड उघडली त्या दिवशी
रंगात बुडून, पिऊन आला.
कपडे मी धुतले नाहीत. बादलीत तसेच राहिले,
पाणी चार दिवस लाल.
पुन्हा गेला.
आता ठीक आहे. आजचं सांगतेय.
उद्याचं कोणी विचारू नये.

काका त्याला भांड्यांचे तळ देतात ठोकायला.
तळ कुणी बघत नाही.
काल एका घागरीचा खांदा दिला.
मी गेले होते डबा द्यायला, लांबूनच पाहिलं :
दोन ठोके नीट,
तिसरा चढला मागच्यावर.
त्याने हातोडी खाली ठेवली,
पँटला हात पुसला,
पुन्हा उचलली.

आज साडेआठ झाले. तो आलेला नाही.
पूर्वी मी गॅलरीत उभी असायचे,
गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली
की चालीवरून सांगायचे, किती झालीय.
आज मी ताट वाढून घेतलं.
मुगाची उसळ, भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा.
त्याचं झाकून ठेवलं.
भाकरीतून वाफ निघत होती,
बोट भाजलं.

जिन्यावर पाय वाजला तेव्हा
घास तोंडात होता.
एक पायरी, दोन, तिसरीवर जरा थांबला.
मोजलं मी. मोजणं काही लगेच सुटत नाही.
पण ताटावरून उठले नाही.