पत्ते

नेरिस दर मंगळवारी येते, दाराशी छत्री झटकून,
आणि गालिच्यावर मांडी घालायचा प्रयत्न करते.
चाळीस कार्डं. आठवडाभर आमच्याकडेच असतात.
मी त्यांना पत्ते म्हणते.
निषाद काहीच म्हणत नाही.

अडीच वर्षांचा आहे. त्याला सगळं कळतं,
बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज
दोन खोल्या ओलांडून कळतो.
फक्त शब्दाचा पत्ता नाही.

पुढे चित्र. मागे दोन भाषा,
वर वेल्श, खाली इंग्लिश.
तिसरीला जागाच ठेवलेली नव्हती,
मी पेन्सिलीने कडेला लिहिलं:
मेंढी. बदक. किटली.
नेरिस म्हणाली, शाईने लिही की, पुसलं जाईल.

दिवसभर मी फार्मसीत लेबलं चिकटवते.
जेवणानंतर एक. मुलांपासून दूर ठेवा.
बाटलीवर नाव असलं की काम झालं.
घरी येऊन तेच करत होते,
हे काय? सांग. हे काय रे? सांग ना.

विचारू नकोस, नेरिस म्हणाली, परीक्षा नाही ही.
तू म्हण. आणि थांब.
मनात दहापर्यंत मोज.

दहा आकडे केवढे लांब असतात.
मी चारला पोचते आणि स्वतःच उत्तर देऊन टाकते,
शाळेत पहिल्या बाकावरून द्यायचे तशी.

'घर' या पत्त्यावर लाल कौलं, धुराडं, फाटकापाशी कुत्रा.
आम्ही राहतो चिप्सच्या दुकानावर.
आमचे पडदेसुद्धा व्हिनेगरचा वास मारतात.
निषादने घर उलटं धरलं, खिडकीपाशी नेलं,
समोरच्या गटारीच्या पन्हळीवर बसलेल्या सीगलला दाखवलं.
काय दाखवत होता, देव जाणे.
पण दाखवत होता.
नेरिसने वहीत एक ओळ लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एकदा 'चमचा' निघाला.
वेल्शमध्ये सुरुवातीलाच दोन ल, जोडून.
मी वाचला. ती हसली नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाली, जीभ ल-च्या जागी टेकव, हलवू नको,
आता कडांनी फुंकर घाल.
घातली. थुंकी बदकावर उडाली.
हाच आवाज लानेलीच्या नावात आहे, तोही दोनदा,
म्हणजे सहा वर्षं मी राहते त्या गावाचं नाव
मला एकदाही धड घेता आलेलं नाही.

मग मी तिला केळं दिलं.
केलं, ती म्हणाली. केरं. केडं.
जीभ मागे वळव, मी म्हटलं, अजून मागे, आणि सोड.
दोघी घामाघूम.
निषाद एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा माझ्या,
यातला कुठला डबा आधी उघडतो
ते बघत असल्यासारखा.

रोज रात्री शेवटचा पत्ता चंद्राचा.
तो ठेवला की गठ्ठ्याला रबर,
आणि मी दोन्ही तळहात उघडून दाखवते,
तोंडाला येतं ते म्हणते. शिकवायचं म्हणून नाही.
दिवा मालवायच्या आधी काहीतरी म्हणायचं असतं म्हणून.

काल सहा आठवडे भरले.
नवा संच आणला होता तिने, क्रियापदांचा,
धावणे, ओतणे, झोपणे.
जुन्याला रबर लावून पिशवीत टाकणार,
तेवढ्यात निषाद उठला,
तिच्यासमोर गेला, दोन्ही तळहात उघडले.

पलं, म्हणाला.

नेरिसने रबर काढलं.
चाळीसही पत्ते गालिच्यावर पसरले,
माझ्या शाईवरून बोट फिरवत गेली,
मेंढी, बदक, किटली, चमचा, केळं.
कुठल्या चित्राचा आहे हा?

मी लगेच सांगितलं नाही.
मनात मोजायला घेतलं.
सहावर तो पुन्हा म्हणाला.